तराजूत न मावणारा साज

लग्नसराई जवळ आली की कोल्हापुरात गुजरीच्या पेढ्यांवर जुने साज दिसू लागतात. अंबाबाईचं दर्शन घेऊन आलेलं कुटुंब फडक्याची गाठ सोडतं, आजीचा साज काट्यावर चढतो, सराफ पानं उलटीपालटी करून बघतो आणि विचारतो, ‘ठेवायचा की मोडायचा?’ बहुतेक वेळा मोडायचा असतो. नातीला नव्या घडणीचा हार हवा असतो, सोन्याचा भाव चढलेला असतो आणि या साजाला सोन्याखेरीज आणखी काही मोल असू शकतं हे सांगणारं तिथं कुणी नसतं. थोड्या वेळात लाख जळून जाते आणि पानांचा गोळा होतो.

जुना दागिना ही संपत्ती आहे, हे आपण सगळेच मानतो. ती मोजायची कशी, जपायची कशी आणि तिच्यात पैसा घालावा की नाही, याबद्दल मात्र घरोघरी अंदाजच चालतात. सोन्याला रोज भाव निघतो आणि जिथं रोजचा भाव असतो तिथं पारख हळूहळू सुस्तावते, असं माझं मत आहे. भावफलक वाचता आला की दागिना वाचायची गरज वाटेनाशी होते. म्हणून जुन्या दागिन्यांच्या पारखीचा आणि त्यांतल्या गुंतवणुकीचा हा आढावा.

आधी साज वाचावा

परंपरेनं पूर्ण साजाला २१ पानं मानतात. दहा विष्णूच्या दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक आणि पाचूची आणि एक तावीजाचं. मासा, कासव, शंख, चंद्र, नाग, भुंगा, बेलपान अशा आकारांची ही पानं आणि त्यांच्यामध्ये जवाच्या दाण्यासारखे जवमणी. रोजच्या वापरातल्या साजाला पानं कमी असतात. पान भरीव नसतं. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून आकार उठवायचा, पोटात लाख भरायची आणि पाठ बंद करायची. थोड्या सोन्यात मोठा आणि चेंबणार नाही असा दागिना करण्याची ही युक्ती. शेतकरी घरातल्या बाईलाही अंगभर शोभेल असं काहीतरी करून देणारी.

पारखी माणूस आधी ही पानंच बघतो. एकाच हातानं उठवलेल्या पानांच्या कडा, सोन्याची झाक आणि पाठीचा डाग एकमेकांशी जुळतात. मधेच एखादं पान जास्त पिवळं, जास्त टोकदार किंवा उलट फार गुळगुळीत असेल, तर ते नंतर बसवलेलं. पिढ्यान् पिढ्या वापरात राहिलेल्या दागिन्यात दुरुस्त्या असणारच आणि त्या असणं हा दोष नव्हे. मात्र त्या कळल्या पाहिजेत. दोन-तीन मोडक्या साजांची पानं ओवून केलेला साज ‘पूर्वापार’ म्हणून विकला जात असेल, तर घेणाऱ्याला ते माहीत असावं. झीजही बोलते. खरी झीज कातडीला लागणाऱ्या बाजूला, कड्यांच्या आत आणि शेजारच्या मण्याशी घासणाऱ्या कडेला असते. कृत्रिमरीत्या जुना केलेला दागिना सगळीकडे सारखाच झिजलेला दिसतो.

कस, टंच आणि लाख

आता धातू. सराफाच्या कसोटीच्या काळ्या दगडावर दागिन्याची रेघ ओढून तिच्यावर तेजाब लावायचं आणि माहीत असलेल्या कसाच्या रेघेशी ती ताडायची, ही जुनी रीत अजून टिकून आहे. अनुभवी हातात ती चांगली चालते, पण नेमका आकडा देत नाही. क्ष-किरणांवर चालणारं यंत्र अर्ध्या मिनिटात आकडा देतं, मात्र त्याची नजर पृष्ठभागाखाली फार थोडी जाते. वर जाड मुलामा असेल तर ते मुलाम्याचाच आकडा सांगतं. सर्वांत भरवशाची अग्निपरीक्षा, पण तिच्यासाठी नमुना कापावा लागतो आणि साजाचं पान कुणी कापू नये.

साजाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. वस्तू हवेत आणि पाण्यात तोलून तिची घनता काढायची आणि त्यावरून धातू ओळखायचा, हा उपाय भरीव पाटल्यांना लागू पडतो. पोटात लाख असलेल्या पानाला तो लागू पडत नाही, कारण सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड आणि लाख जवळजवळ पाण्याइतकीच हलकी. म्हणून साज तोलला की वाद लाखेवरून होतो. समजा, साज एकूण ४० ग्रॅम भरला आणि लाख १२ ग्रॅम धरली, तर सोनं राहिलं २८ ग्रॅम. ते २२ कॅरेटचं असेल तर त्यात चोख सोनं सुमारे २५.६ ग्रॅम आणि २० कॅरेटचं असेल तर सुमारे २३.३ ग्रॅम. लाखेचा अंदाज दोन ग्रॅमनं चुकला तरी हिशेबात तेवढाच मोठा खड्डा पडतो. म्हणून एका पेढीच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. दोन ठिकाणी दाखवावं आणि दोन्हीकडे लाख किती धरली हे विचारून लिहून घ्यावं.

जुनं सोनं म्हणजे बावनकशी, हा समजही तपासून घ्यावा. गावोगावच्या सोनारांनी घडवलेल्या दागिन्यांचा कस एकसारखा नाही. शिवाय १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. देशभरातल्या सोनारांच्या चुली त्या नियमानं विझायला आल्या आणि काही वर्षांतच तो मागे घ्यावा लागला. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत टिकला. साठच्या दशकात घरात लग्न झालं असेल, तर त्या लग्नातल्या दागिन्याचा कस गृहीत धरू नये.

नव्या दागिन्यांचा प्रश्न हॉलमार्कनं बराच सोडवला आहे. भारतीय मानक ब्युरोनं सोन्यासाठी हा शिक्का २००० साली आणला, १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक नसलेला दागिना दुकानदाराला विकता येत नाही. ‘२२के९१६’ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून घेणाऱ्याला स्वतः पडताळता येतो. घरातला जुना, शिक्का नसलेला दागिनाही मान्यताप्राप्त केंद्रात थोड्या शुल्कात तपासून मिळतो. कुंदन, पोलकी आणि जडावाचे दागिने मात्र या सक्तीतून वगळले आहेत. म्हणजे जिथं पारख सर्वांत अवघड, तिथं शिक्क्याचा आधार नाही.

जेडचा धडा

इथं जेडची आठवण काढतो, कारण आपल्या साजाचा प्रश्न या दगडावरून लवकर समजतो. जेडचा भाव कुठल्याही फलकावर लिहिलेला नसतो. मुळात जेड या एकाच नावाखाली दोन वेगळी खनिजं आहेत, हे १८६३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ अलेक्सी दामूर यांनी दाखवलं. एक नेफ्राइट, दुसरं जेडाइट. मुघलांच्या दरबारातले प्याले, खंजिरांच्या मुठी आणि ‘हौलदिली’ नावाचे ताईत नेफ्राइटचे. फारसीत त्याला यशब म्हणत आणि ते मध्य आशियातल्या खोतानकडून येई. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जहांगीराचा खंजीर आणि नूरजहाँचा फळं कापायचा चाकू बघायला मिळतो. जेडाइटचं मोठं ठिकाण म्हणजे उत्तर म्यानमारचा काचिन प्रांत. त्यातलं पारदर्शकाकडे झुकणारं गर्द हिरवं जेड चिनी घरांमध्ये सोन्याहून प्रिय. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात बार्बरा हटन यांची २७ मण्यांची जेडाइट माळ २ कोटी ७० लाख डॉलरच्या पुढे गेली.

ही किंमत ऐकून कुणी सहलीत हिरवी बांगडी घेऊन आलं, तर पारखीची खरी गरज तिथं कळते. नैसर्गिक, फक्त मेण लावलेलं जेड म्हणजे ‘ए’ प्रत. आम्लात धुऊन राळ भरलेलं ‘बी’, रंगवलेलं ‘सी’. डोळ्यांना तिन्ही सारखी, किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर. त्यावर ‘इंडियन जेड’ नावानं हिरवा अ‍ॅव्हेंचुरिन, ‘मलेशिया जेड’ नावानं रंगवलेला क्वार्ट्‌झ आणि ‘न्यू जेड’ नावानं सर्पेंटाइन विकलं जातं. सुटा दगड हवेत आणि पाण्यात तोलला तर पहिली चाळण घरच्या घरी होते. जेडाइटची घनता सुमारे ३.३, नेफ्राइटची २.९५च्या आसपास, क्वार्ट्‌झची २.६५. साजाच्या लाखेनं निकामी केलेली तीच रीत इथं कामी येते. राळ भरली आहे का, हे मात्र अवरक्त किरणांची तपासणी करणारी प्रयोगशाळाच सांगू शकते आणि तशी तपासणी मुंबईत होते.

जेडचा संग्राहक तीन गोष्टींशिवाय पैसा घालत नाही: प्रयोगशाळेचा कागद, वस्तू कुणाकडून कुणाकडे आली याची नोंद आणि वर्षानुवर्षं चांगले नमुने हाताळून तयार झालेली नजर. त्याच्याकडे भावफलक नाही म्हणून त्यानं पारख वाढवली. आपल्याकडे भावफलक आहे म्हणून आपण ती गमावत चाललो आहोत. साजाच्या ठशाचं काम, त्याचं वय, त्याचं घराणं या सगळ्यालाही जेडसारखाच फलकावर भाव नाही. तेवढाच भाग पारखीवर अवलंबून आहे आणि नेमका तोच आपण लाखेबरोबर जाळतो.

खडे, मोती आणि पुतळ्या

साजातल्या माणिक-पाचूंबद्दल भावूक न होता बघावं. कृत्रिम माणिक बनवण्याची रीत १९०२ मध्ये जाहीर झाली आणि स्वस्त, लालभडक खडे जगभर पसरले. म्हणून ८०-९० वर्षांच्या दागिन्यातही कृत्रिम माणिक असू शकतं आणि त्यात सोनारानं फसवलंच असं नाही. त्या काळी ते नवलाईचं होतं. पाचूत तेल किंवा राळ भरणं, माणकाच्या भेगांत काच भरणं हे आजचे प्रकार. गुजरीत मोड घेताना खड्याचं वजन वजा होतं, त्याचं मोल क्वचितच धरलं जातं. तेव्हा खडा चांगला असण्याची शक्यता वाटली, तर दागिना विकण्याआधी खड्याची वेगळी तपासणी करावी.

मोत्यांची गोष्ट याहून मोठी. जुन्या नथीत आणि तन्मणीत बसरा मोती असतात, म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती. विसाव्या शतकात जपानी संवर्धित मोत्यांनी बाजार भरला आणि बसऱ्याची आवक आटली. मोत्याच्या व्यापारात ‘चव’ नावाचा हिशेब चालतो. तो वजनाच्या वर्गावर चालतो, म्हणून दुप्पट वजनाच्या मोत्याची किंमत दुपटीहून कितीतरी जास्त होते. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या सात पदरी हारातले मोती निवडून केलेला दोन पदरी हार २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ७१ लाख डॉलरला गेला. आपल्या आजीची नथ त्या पंक्तीत बसत नाही, हे खरं. तरी नैसर्गिक मोती एक्स-रेत ओळखता येतो आणि ती तपासणी केल्याशिवाय जुनी नथ ‘मोती बदलून’ नवी करायला देऊ नये. त्या बदलात काय हरवलं हे मागाहून कळून उपयोग नसतो.

पुतळी हाराकडे तर नाणेसंग्राहकाच्या डोळ्यांनी बघावं. पुतळी हे मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचं आपल्याकडचं नाव. साधारण साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ चोख सोन्याचं हे नाणं व्यापारातून दख्खनमध्ये आलं आणि गळ्यात जाऊन बसलं. पुढे त्याच्या नकला इथंच घडू लागल्या. बहुतेक हारांतल्या पुतळ्या नकलाच असतात, पण एखाद्या जुन्या हारात अस्सल नाणं निघालं तर त्याची किंमत सोन्याच्या वजनापेक्षा वेगळी ठरते. ‘शिवराई होन’ सांगून विकल्या जाणाऱ्या नाण्यांपासून मात्र जपावं. तांब्याच्या शिवराया मुबलक मिळतात, पण शिवछत्रपतींचा सोन्याचा होन अत्यंत दुर्मीळ आणि नकली मात्र अमाप.

चांदीच्या संग्राहकानं हुपरीला जावं. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून चांदीवर जगतं आणि तिथलं पैंजण देशभर जातं. इथं भाषा टंचाची, म्हणजे धातूच्या शुद्धतेची. पैंजणाच्या प्रत्येक कडीला सांध्याचा डाग असतो आणि डाग जितका जास्त, तितका एकूण टंच खाली. सोन्यासारखी हॉलमार्कची सक्ती चांदीला नाही, पण १ सप्टेंबर २०२५ पासून शिक्का हवा असेल तर चांदीवरही एचयूआयडी घेता येतो. गुंतवणूक म्हणून वजनी पैंजण घेणं मला पटत नाही. संग्रह म्हणून मात्र पश्चिम महाराष्ट्रातल्या देव्हाऱ्यांतले टाक फार मोलाचे. जोतिबा, खंडोबा, भवानी यांचे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले हे टाक रोजच्या स्नानानं आणि गंधानं गुळगुळीत होत जातात. झिजलेला टाक देऊन नवा घेण्याची रीत असल्यामुळे कितीतरी चांगले नमुने वितळून गेले.

कायदा आणि कर

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा, तो १९७६ पासून अमलात आला. १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू त्यात पुरावस्तू ठरते. आजीच्या आजीचा साज या व्याख्येत बसू शकतो. तो घरात ठेवायला कसलीही आडकाठी नाही. मात्र पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. लेक अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये आहे आणि शंभरीचा साज तिला पाठवायचा आहे, अशा घरांनी हे आधीच समजून घ्यावं. जमिनीत सापडलेल्या वस्तूला १८७८ चा निखातनिधी कायदा लागतो आणि ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. त्याच टेकडीवर मिळालेली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती आज टाउन हॉलच्या संग्रहालयाची शान आहे. ती कुठं, कशाबरोबर मिळाली याची नोंद आहे म्हणून ती रोमशी चाललेल्या व्यापाराची साक्ष देते. नोंद नसती तर ती एक सुंदर बाहुली उरली असती.

कराचा हिशेब असा. वारसानं आलेल्या दागिन्यावर मिळताना कर नाही, विकताना नफ्यावर आहे. २४ महिन्यांहून जास्त काळ जवळ असलेल्या दागिन्याच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के दर आहे आणि वारशात आधीच्या मालकाचा काळ धरला जातो. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या दागिन्यासाठी त्या दिवशीची बाजारकिंमत खरेदीकिंमत म्हणून धरता येते. त्यासाठी सरकारमान्य मूल्यांककाचा दाखला उपयोगी पडतो. मोड देऊन नवा दागिना घेणं हासुद्धा कायद्याच्या नजरेत व्यवहारच आहे. लॉकरचंही समजून घ्यावं. बँकेच्या निष्काळजीपणामुळे किंवा तिथल्या चोरी-आगीत नुकसान झालं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांनुसार भरपाईची मर्यादा वार्षिक भाड्याच्या शंभरपट. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. याच्या वरचा धोका आपला, म्हणून विमा हवा आणि विम्यासाठी पुन्हा मूल्यांकनाचा कागद हवाच.

मग पैसा घालावा का?

नुसता सोन्याच्या भाववाढीचा फायदा हवा असेल, तर दागिना हे चुकीचं साधन आहे. घेताना घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी जातो, विकताना घट आणि लाख वजा होते. वळं, नाणं किंवा गोल्ड ईटीएफ यांत ही गळती कितीतरी कमी. जुन्या कलाकुसरीला जास्त पैसे देणारा गिऱ्हाईक मिळतो, पण तो गुजरीत चालून येत नाही. त्याला शोधावं लागतं, वाट बघावी लागते आणि त्याच्यासमोर पुरावा ठेवावा लागतो. तातडीची गरज पडेल तो पैसा संग्रहात घालू नये. संग्रहासाठी घ्यायचं तर थोडं घ्यावं, उत्तम घ्यावं, मोडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे नेमके कशासाठी देतो आहोत हे स्वतःला एका वाक्यात सांगता येईल तेव्हाच घ्यावं.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, फण्या जमवल्या, तेव्हा त्या वस्तू लोकांच्या लेखी अडगळ होत्या. १९७५ मध्ये त्यांनी तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. दुसऱ्यांनी मोडीत काढलेलं त्यांनी ओळखलं, एवढंच त्यांचं भांडवल.

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक देशभराच्या शहरांत सोनं-चांदी गाळण्याचं काम करतात. आपल्याच माणसांचं ते कष्टाचं आणि इमानाचं काम आहे आणि मोडीचा रस्ता कायम खुला असतो तो त्यांच्यामुळे. म्हणूनच घाई नको. आज नाही मोडला तर साज उद्याही मोडता येतो. मोडलेला मात्र परत येत नाही.

तेव्हा पेढीवर जाण्याआधी एक दुपार घरात बसावं. साज पांढऱ्या कापडावर पसरून दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, पानं मोजावीत, प्रत्येकाचं नाव लिहावं. मासा कुठला, भुंगा कुठला, हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारावं. तिच्या लग्नाचं साल, सोनाराचं गाव, नंतर बसवलेलं पान, गहाण पडून सुटून आलेलं वर्ष, सगळं वहीत उतरवावं. ती वही साजाबरोबर फडक्यात बांधून ठेवावी. मग सराफानं ‘ठेवायचा की मोडायचा?’ विचारलं, तर आपण काय ठेवतो आहोत किंवा काय मोडतो आहोत, हे निदान माहीत असेल.